दिवसाला तीन टोमणे

कळस, ता. इंदापूर
९ जून १९९६

जयवंते,

पाकीट फोडलंस तवा आता शेवटापर्यंत वाच. चुलीत घालायचंच आसंल तर वाचून झाल्यावर घाल, मी काय लासुर्ण्याला बघाया येत न्हाय.

तू माहेरी जाऊन चार महिनं झालं. तुझा नवरा बरा हाय. बरा म्हणजे कसा, ते सांगते. बारामतीच्या डोक्याच्या दवाखान्यात आमी बावीस दिवस हुतो. तिथं पेशंटासंगं घरचं एक माणूस लागतं. घरात माणूस मी एकलीच, पोरबाळ न्हाय, मालक जाऊन तीन वर्षं झाली, मंग कोण राहणार? पहिल्या दिशी सिस्टरनं आमच्या दोघांकडं बघून विचारलं, "पेशंट कोण?" सिद्धूनं माझ्याकडं बोट केलं. आजारात बी त्यो माझाच दीर हाय.

ह्या सिस्टरचं नाव स्वरूपा. अंगानं तुझ्या निम्मी, पण तू ओरडून जे करून घेत हुतीस ते ती न ओरडता करून घेती. गोळी दिली की म्हणती, "आ करा. जीभ वर. जीभ डावीकडं. आता पाणी. आता परत आ." पहिला आठवडा सिद्धूनं गोळी शेळीगत गालात धरली आन् गादीखाली ठेवली. सहा सापडल्या. मला वाटलं आता ह्याचं काय खरं न्हाय. तर ती त्याच्याजवळ खाटंवर बसली आन् म्हणली, "सिद्धूदादा, ह्या सहांनी काहीच काम केलं नाही. सातवी आपण दोघं बसून घेऊ." मंग धा मिंटं त्याला मेंढरांचं विचारत बसली. तिला मेंढरातलं काय कळत न्हाय. "मेंढी अंडी घालत नाही ना?" म्हणली. सिद्धू चार महिन्यांत पहिल्यांदा हसला. मला आजून कळलं न्हाय ती खरंच अडाणी का लबाड.

आजाराचं नाव तिनं मला कागदावर लिहून दिलंय. स्किझोफ्रेनिया. मला म्हणता येत न्हाय, लिवता येतं. ती म्हणली, ही करणी न्हाय, बाधा न्हाय, मेंदूचा आजार हाय, आन् बायकोच्या पायगुणानं त्यो होत न्हाय. हे शेवटचं मी तिला विचारलंच नव्हतं. तिला आपल्या लोकांची सवय आसंल.

शेजारी बायकांच्या वॉर्डात साखरबाई म्हणून एक हुती. तिला स्वभावाचा आजार. आता स्वभावाचा बी आजार असतो म्हणल्यावर मला भ्याच वाटलं, मी पदर सारखा करून बसले. ह्या साखरबाईनं सकाळी मला गळ्यात पडून "तूच माझी बहीण" म्हणत दोन बांगड्या दिल्या आन् दुपारी मी चोरल्या म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतला. दिवसपाळीच्या सिस्टरला सांगायची, रातपाळीची तुला आळशी म्हणती. रातपाळीच्या सिस्टरला सांगायची, दिवसाची तुला काळी म्हणती. दुसऱ्या कुठं आसती तर दोघी झिंज्या धरून भांडल्या असत्या. हितं काय, सगळ्याजणी एकाच वहीत लिवतात आन् सगळ्याजणी तिला एकच उत्तर देतात. साखरबाई ताट आपटू दे नाय तर पाया पडू दे, स्वरूपा सिस्टर म्हणायची, "चहा चारला. भांडलात तरी चारला, नाही भांडलात तरी चारला." आन् चारला चहा यायचाच. आठ दिवसांनी साखरबाई पावणेचारला कप घेऊन गप बसाया लागली.

आता तुला पत्र का लिवते ते ऐक. घरी सोडताना सिस्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणली, "बानूबाई, ह्या आजाराला घरातलं टोचून बोलणं सोसत नाही. टोमणे बंद करा." मी म्हणलं, बाई, त्यापेक्षा श्वास बंद कर म्हण. तिनं लई विचार केला. मंग म्हणली, "दिवसाला तीन. गोळीसारखे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. जेवणानंतर."

म्हणून तीन सिद्धूला देते. उरल्यालं तुला.

तुझ्या भावाचा, युवराजचा निरोप मिळाला. दसरा झाला की लासुर्ण्यात बैठक, तवर सिद्धू वाऱ्यासंगं बोलायचा थांबला न्हाय तर काडीमोड. निरोप्या बिचारा खाली बघून बोलत हुता. मी त्याला म्हणलं, युवराजला सांग, आमी येतो, जेवण चांगलं ठेव. पण जयवंते, तू मला सांग. भाऊ बोलला. तू काय बोललीस?

संगं जोडकार्ड पाठवलंय, पत्ता मीच घातलाय. तुला फकस्त लिवायचं हाय. सातवी शिकल्याली हाईस, माझ्यापरीस तीन यत्ता जास्त.

तुझी थोरली जाऊ,
बानू

कळस
७ जुलै १९९६

जयवंते,

कार्ड आलं न्हाय. पोस्टमन म्हणतो रस्त्यात हरवलं आसंल. मी म्हणलं, व्हय, लासुर्णं अमेरिकेत हाय.

सिस्टर आता महिन्याला एकदा एसटीनं येती. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, सगळ्या आळीच्या देखत आपल्या दारात. आपल्या गावात नर्स दोनच कामाला येती, एक पोलिओचा डोस आन् दुसरं बायकांचं आपरेशन. आपल्या घरात बारकं पोर न्हाय. मंग राहिलं काय? तानूबाई तिसऱ्या दिशी ताक मागायच्या निमित्तानं आली. हिकडं बघ, तिकडं बघ, शेवटी म्हणली, "बानू, तुझ्याकडं ती कुटुंबनियोजनवाली कशाला गं येती?"

मी म्हणलं, "तुला म्हणून सांगते. जुळं हाय."

ताक तिथंच राहिलं. संध्याकाळी देवळापाशी बायका माझ्या पोटाकडं बघत हुत्या. मी मुद्दाम चिंच मागितली. पुढल्या खेपंला सिस्टरला हे कळलं तवा ती कपाळाला हात लावून बसली, मंग तिनं तानूबाईला घरात बोलवून सगळा आजार समजावून सांगितला. तानूबाई म्हणली, आसं व्हय, माझ्या मामेभावाला बी आसंच हुतं, आमी त्याला कोंडून ठिवायचो. मंग रडली. तवापासनं सिद्धूला रोज हाक मारून विचारती, जेवलास का. आळीतली पोरं दगड मारायची थांबली ती बी तिच्याच शिव्यांनी.

आता त्या आवाजाचं लिवते. तू त्याच्यापायीच गेलीस. सिद्धूला आप्पाचा आवाज येतो. नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत न्हाय, पण कागदाला कान न्हाईत म्हणून लिवते. आप्पा म्हणला, जयवंतेच्या भाकरीत काय तरी कालवलंय, आन् सिद्धूनं चार दिवस अन्न शिवलं न्हाय आन् पाचव्या दिशी ताट तुझ्यावर फेकलं. तुझ्या कपाळाची खोक मी बघितलीय. तू गेलीस त्याचा राग मला न्हाय. न सांगता गेलीस त्याचा हाय.

दवाखान्यात सिस्टरनं मला विचारलं, "हा आप्पा कोण?" आता मी नाव घेऊ कशी? मी म्हणलं, "घरातलं मोठं माणूस." तिनं वहीत लिवलं, वडील. मी बघितलं. खोडायला सांगितलं न्हाय.

गोळ्यांनी आवाज लांब गेलाय म्हणतो. विहिरीत बसून कोण बोलावं तसा येतो. काल दुपारी मेंढरं लिंबाखाली बसली हुती, मी सहज विचारलं, "सिद्धू, माझं काय म्हणत हुता का रे?" त्यो म्हणला, "वैनी, नीट ऐकू येत न्हाय." मंग मी शेण काढाया गेले.

दुसरं कार्ड पाठवलंय. हे हरवू नको.

बानू

कळस
११ ऑगस्ट १९९६

जयवंते,

पाऊस बरा हाय. शेळीला दोन पाटी झाल्या, बोकड एक बी न्हाय. कोंबडा आरवायचा थांबलाय, म्हातारा झाला आसंल.

एक गंमत सांगते. लोकर कातरायची मोठी कात्री दोन वर्षं सापडत नव्हती. मी सिद्धूला म्हणलं, तुझ्या आप्पाला विचार की, त्यानंच ठिवल्याली. त्यानं मान वाकडी केली, ऐकलं आन् म्हणला, "आड्यावर, जुन्या घोंगड्यात." शिडी लावली. तिथंच हुती. आता तू म्हणशील सिद्धूनंच ठिवली आसंल. तुला लई कळतं.

तवापासनं दुपारचं आमचं बोलणं होतं. मी विचारते, सिद्धू ऐकतो, मला सांगतो. जिता आसताना ह्या माणसानं एकोणीस वर्षांत किती शब्द बोलावं? "पाणी." "निघतो." "आलो." मेंढरांच्या मागं सहा महिनं जायचा, परत आला की दारातनं एवढंच विचारायचा, "पाणी हाय का?" आन् आता बोलतोय बघ. भाकरी करपलीय म्हणतो. शेळी खालच्या रानात बांध म्हणतो. बानू वाळली म्हणतो. मी सिद्धूला म्हणलं, त्याला सांग, तू मेल्यावर कोण लठ्ठ होतंय का?

तू आता विचारशील, आवाज तर लांब गेला हुता, जवळ कसा आला? हवा पावसाळी हाय, गोळीला गुण कमी येत आसंल.

सिस्टर येऊन गेली. ती बी कोड्यात पडलीय. विचारत हुती, "गोळी रोज जाते ना? जीभ वर करून बघता ना?" मी म्हणलं, व्हय. ते खोटं न्हाय. जीभ मी रोज बघते. तिनं आवाज कवा येतो, काय म्हणतो ते सगळं लिवून घेतलं आन् सिद्धूला एक शिकवलं. म्हणली, "मला तो आवाज ऐकू येत नाही. तुम्हाला येतो, हे मला मान्य आहे. पण सिद्धूदादा, कुणी बोललं म्हणून त्याचं ऐकलंच पाहिजे असं नाही. तुमच्या वहिनी दिवसभर बोलतात, तुम्ही किती ऐकता?" सिद्धू म्हणला, "काय बी न्हाय." दाखला द्यायला तिला माझ्याबिगर दुसरं कोण सापडलं न्हाय.

तीन टोमण्यांचं म्हणशील तर सध्या एकावर भागतं. दुपारी माझं बोलणं दुसरीकडं होतं ना.

कार्ड पाठव.

बानू

कळस
१५ सप्टेंबर १९९६

जयवंते,

हे पत्र बसून वाच. आन् वाचून माझ्या नावानं काय बोलायचं ते बोल, पण वाच.

गेल्या सोमवारी सिद्धू जेवला न्हाय. मी म्हणलं पोट बिघडलं आसंल. मंगळवारी बी न्हाय. ताटाकडं बघायचा आन् भिंतीला सरकायचा. बुधवारी मी भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडाजवळ नेला तवा त्यानं माझा हात उडवला आन् म्हणला, "आप्पा म्हणतोय, बानूच्या भाकरीत बी हाय."

माझ्याच नवऱ्यानं माझ्यावर संशय घेतला, ते बी मेल्यावर.

मी तिथंच चुलीपाशी बसले. आन् मला जे पहिल्या दिवसापासनं ठावं हुतं ते मी मला कळू दिलं. जयवंते, एकोणीस वर्षांत त्या माणसानं माझ्या भाकरीला कवा नाव ठेवलं न्हाय. एकदा मीठच घातलं नव्हतं आमटीत, ताट पुसून उठला. करपल्याली असली तर करपल्याली खाल्ली. मंग "भाकरी करपलीय" म्हणणारा त्यो कोण? ते मला पहिल्याच दुपारी कळाया पायजे हुतं. कळलं हुतं. पण कुणी तरी त्याच्या नावानं बोलत हुतं ना.

त्याच दिवशी सिस्टरची यायची पाळी हुती. आली ती दारातच थांबली. आपला कोंबडा उकिरड्यापाशी उभा हुता. मान वाकडी, एक पाय उचललेला, चोचीतनं लाळ. खाली ठेवंना आन् चालंना. सिस्टर वाकून बघत राहिली. त्याच्यापुढं हात हलवला. त्यानं डोळा बी मिटला न्हाय. मंग दोन पावलं टाकली ती आशी, तुरुतुरु, अंग ताठ, दवाखान्यात म्हातारं पेशंट चालायचं तशी.

सिस्टर माझ्याकडं न बघता म्हणली, "बानूबाई, हा कोंबडा सिद्धूदादांची गोळी कधीपासून घेतोय?"

आता काय लपवायचं? जुलैपासनं मी सिद्धूला अर्धीच गोळी देत हुते. आ कर, जीभ वर, सगळं करून अर्धीच. ऱ्हायल्याली अर्धी कुस्करून सुपातल्या कोंड्यात टाकायची आन् कोंडा अंगणात. कोंबड्या सगळ्या येतात, पण ह्यो गडी कुणाला खाऊ देत न्हाय, चोच मारून हाकलतो. मालकपणा नडला त्याला. सिद्धूच्या गोळीनं दोन महिनं कोंबडा बरा होत हुता.

मी सिस्टरला सगळं सांगितलं. आप्पा बाप न्हाय, माझा नवरा हाय, हे बी. नाव घेऊन सांगितलं, जयवंते. तीन वर्षांत काय, लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा. मला वाटलं आता ही मला फाडून खाणार. साखरबाई परवडली म्हणणार. तिनं घड्याळ बघितलं.

"चहा टाका," म्हणली. "चार वाजलेत."

चहा पिऊन झाल्यावर बोलली. "तुम्हाला त्यांची आठवण येते, हे आजारपण नाही. पण ते बोलणं सिद्धूदादांच्या जिवावर चाललंय. दोन दिवस ते उपाशी आहेत. अजून दोन दिवस गेले असते तर?" एवढंच. मंग तिनं माझ्या हातनं भाकरी घेतली, सिद्धूसमोर बसून निम्मी आपण खाल्ली आन् निम्मी त्याच्याकडं सरकवली. लई वेळ गेला. तिची एसटी गेली. शेवटी त्यानं कडंचा एक तुकडा मोडला.

आता खरं काय ते लिवते. तुला घरातनं ज्या आवाजानं हाकललं त्यालाच मी दुपारी जेवायला बसवत हुते. तुझ्या कपाळावरची खोक मला रोज आठवत हुती आन् तरी मी अर्धी गोळी कुस्करत हुते. तू बैठकीत काडीमोड मागितलास तर चूक सिद्धूची न्हाय. माझी हाय. हे मी युवराजच्या सोप्यात, सगळ्यांपुढं सांगणार हाय.

ह्या खेपंला कार्ड पाठवत न्हाय. काय तोंडानं पाठवू?

बानू

कळस
१३ ऑक्टोबर १९९६

जयवंते,

कार्ड आलं. जुनंच, पहिलं, मीच पत्ता घातल्यालं, चहाचा डाग पडल्यालं. चार महिन्यांनी तीन शब्द लिवलंस. "कोंबडा कसा हाय?"

नवऱ्याचं न्हाय, माझं न्हाय, कोंबड्याचं. मी पोस्टमनला वाचून दावलं. त्यो म्हणला, वैनी, ह्याच्यासाठी मी दोन कोस सायकल मारली का? मी म्हणलं, व्हय, आन् परत मारायला लागली तरी मार.

कोंबड्याचं सांगते. आठ दिवस टोपल्याखाली ठेवला, पाणी चमच्यानं पाजलं. मान सरळ झाली. आता अंगणात फिरतो, पण आरवत न्हाय. तोंड उघडतो, इच्यार करतो आन् मिटतो.

सिद्धूला आता महिन्याचं इंजेक्शन. डाक्टरनं लिवून दिलं, सिस्टर येऊन टोचती. तिनं मला तोंडावर सांगितलं, "बानूबाई, हे तुमच्या सुपात जाणार नाही." कमरंखाली देतात म्हणल्यावर सिद्धू लाजून घोंगडं पांघरून बसला. सिस्टर म्हणली पालथं व्हा, त्यो म्हणला वैनीला भायर काढा, मी म्हणलं तुला न्हाऊ घालत हुते तवा कुठं गेली हुती ही अब्रू. सिस्टरनं एक बोट वर केलं. म्हणजे आजचा पहिला झाला.

हात थोडं थरथरतात, त्याची येगळी गोळी हाय. ती अख्खी देते. तानूबाई रोज येऊन पाकीट बघती. मीच तिला सांगितलंय बघाया. तिला एवढं सुख जलमात मिळालं नव्हतं.

आवाज पुन्हा लांब चाललाय. जाईल का पुरता, विचारलं. सिस्टर म्हणली, जाईल किंवा बारीक होऊन राहील, सांगता येत नाही. त्याला काय विचारायचं ते बी शिकवून गेली. "आप्पा काय म्हणतो" आसं विचारायचं न्हाय. "मेंढरांना पाणी दावलं का" आसं विचारायचं. परवा दुपारी लिंबाखाली बसले. तोंडापतुर आलं हुतं. मी म्हणलं, "सिद्धू, पाणी हाय का रे?" आन् मंग माझ्या ध्यानात आलं, हे कुणाचं बोलणं हाय ते. सिद्धूनं तांब्या आणून दिला. मी पिले.

बैठकीला येतो आमी. जेवण चांगलं ठेवा म्हणलं हुतं, ते मागं घेते. जे आसंल ते चालंल.

बानू

कळस
३० ऑक्टोबर १९९६

जयवंते,

परवा तू आत चुलीपाशी हुतीस. दाराआडनं तुझ्या बांगड्या दिसत हुत्या, पण सोप्यात काय झालं ते तुला दिसलं न्हाय. युवराज तुला त्याच्या पद्धतीनं सांगंल, म्हणून मी लिवते.

बसल्या बसल्या मी उठले. बाईमाणूस उठून बोलतंय म्हणल्यावर तुझा चुलता पान लावायचा थांबला. मी सगळं सांगितलं. अर्धी गोळी, कोंडा, कोंबडा. कुणी हसलं न्हाय. मला वाटत हुतं कुणी तरी हसावं. मंग तुझ्या चुलत्यानं लई गंभीर होऊन विचारलं, "कोंबडा जिता हाय का?" मी म्हणलं, हाय. त्यो म्हणला, "मंग चालू द्या."

युवराज मातर ताठ बसल्याला. भाऊ हाय, त्याचं चुकतंय आसं मी म्हणत न्हाय. त्यानं खोक धुतल्याली. तेवढ्यात आतनं ताटं आली. सिद्धूच्या ताटात तुझी भाकरी. मी वळखली, तू कडंला बोटाचा ठसा ठिवतीस. युवराज बी तीच बघत हुता. म्हणला, "सिद्धूराव, हात लावायच्या आधी एक सांगा. आज आप्पा काय म्हणतोय?"

आतनं तुझ्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. मला सिस्टरची आठवण झाली, आसं विचारायचं नसतं म्हणून ओरडावं वाटलं, पण त्या दिवसाचं माझं तीन सकाळीच संपल्यालं हुतं.

सिद्धूनं मान वाकडी केली. ऐकलं. तुला ठावं हाय त्यो कसा ऐकतो. म्हणला, "म्हणतोय, खाऊ नको."

युवराजनं मांडीवर थाप मारली आन् सगळ्यांकडं बघितलं, झालं, म्हणल्यागत.

सिद्धू म्हणला, "त्यो म्हणतोय. मला भूक लागलीय."

आन् खाल्ली. पहिला तुकडा युवराजच्या देखत मोडला. दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी मागितली तवा ती ताटात घेऊन कुणी आलं न्हाय, दाराआडनं नुसता हात आला. हिरव्या बांगड्यांचा. ते मी बघितलं, आन् युवराजनं बी बघितलं. म्हणूनच त्यो म्हणला, "जयवंतालाच ठरवू द्या, दिवाळीपतुर." तुला वाटत आसंल त्यो माझ्या बोलण्यानं वरमला. न्हाय. तुझ्या हातानं.

आता ठरव. आवाज पुरता जाईल आसं मी लिवून देत न्हाय, सिस्टरबी देत न्हाय. इंजेक्शन दर महिन्याला, चार वाजता चहा, टोमणे तीन. तू आलीस तर दोघींत मिळून तीन का दोघींना तीन तीन, ते सिस्टरला विचारून ठिवते. न आलीस तरी मी पत्र लिवणार हाय, उरल्यालं कुठं टाकू?

कोंबडा काल आरवला. पहाटं न्हाय, दुपारी दोनला. पण आरवला.

आन् एक. काल संध्याकाळी मी भाकरी थापत हुते, ध्यान लासुर्ण्याकडं. तव्यावरची काळी झाली. तशीच सिद्धूच्या ताटात टाकली. त्यानं उलटून बघितली.

"करपलीय," म्हणला.

माझा हात पिठातच राहिला. मी म्हणलं, "कोण म्हणतंय?"

त्यानं मान वाकडी केली न्हाय. माझ्याकडं बघितलं.

"मी म्हणतोय, वैनी."

ती मी माझ्या ताटात घेतली. त्याला दुसरी टाकली.

बानू